जाहिरातीत घराबद्दल लिहा, भाडेकरूच्या जातीबद्दल नको

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी ठाण्यातल्या इस्टेट एजंटांना जाहिरातींचा मजकूर लिहून देते. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींना शिस्त लागली, हे मी जवळून पाहिले आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला कलम १२ नुसार भरपाई मागता येते, व्यवहार सोडायचा असेल तर रक्कम व्याजासह परत मागता येते. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत प्रकल्पाची नोंदलेली माहिती दाखवणारा क्यूआर कोडही सक्तीचा केला. आता मजकूर हातात घेतल्यावर बिल्डरची माणसे आधी विचारतात, "हे छापलं तर चालेल ना?" हा धाक फार मोलाचा आहे.

जुना फ्लॅट विकताना किंवा घर भाड्याने देताना मात्र हा धाक कुठेच दिसत नाही. 'स्टेशनपासून ५ मिनिटे' म्हणजे पायी की रिक्षाने, ते कळत नाही. 'ऐसपैस ६५० फूट' यात जिना आणि लॉबी किती, कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती, ते घर बघायला गेल्यावरही नीट सांगितले जात नाही. आणि शेवटची ओळ ठरलेली असते: 'फक्त शाकाहारी', 'बॅचलर नको', 'अमुक समाजास प्राधान्य'.

साहेब, मला सर्वांत जास्त सलते ती हीच ओळ. राज्यघटनेचे कलम १५ भेदभावाला मनाई करते, पण खासगी घरमालकापर्यंत ते थेट पोचत नाही. सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा एका गृहनिर्माण संस्थेचा उपविधी (अंतर्गत नियम) सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि ते योग्यच होते. पण मुसलमान किंवा दलित कुटुंबाला, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला आडनाव आणि ताट विचारून फोनवरच वाटेला लावतात, तेव्हा आपल्यापैकी किती जण बोलतात?

घर मालकाचे आहे, अटी घालण्याचा हक्कही त्याचाच. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी, रात्री गच्चीवर गोंगाट नको, हे सगळे त्याने खुशाल लिहावे, कारण या अटी येणाऱ्या प्रत्येकाला सारख्याच लागू होतात आणि पाळता येतात. जन्माची अट कोणी कशी पाळणार?

खरे लिहिले तर जाहिरात मिळमिळीत होते, ही समजूतही मला मान्य नाही. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट ४३० चौरस फूट. स्टेशन सव्वा किलोमीटर. पाणी सकाळी दोन तास. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, सकाळचे ऊन ओट्यापर्यंत येते.' अशा मजकुराला फोन कमी येतात, पण येणारा माणूस घर बघायच्या तयारीने येतो. एजंटची पायपीट वाचते आणि लिफ्ट नसल्याचे बघून जिन्यातूनच परत फिरणाऱ्या आजीआजोबांचीही.

माझी विनंती अशी. महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केलीच आहे, त्यात जाहिरातीच्या मजकुराचे एक प्रकरण घाला. आणि पुनर्विक्री व भाड्याच्या जाहिरातींसाठी शासनाने मराठीत एकपानी नियम काढावा. कार्पेट क्षेत्रफळ, मजला, लिफ्ट आहे की नाही, स्टेशन किंवा एसटी स्थानकापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये, एवढे लिहिणे सक्तीचे करावे. धर्म, जात, भाषा, आहार, लग्न झाले की नाही, यांच्या उल्लेखाला मनाई असावी, आणि मोडणाऱ्याला दंड. एजंटाला, छापणाऱ्या वर्तमानपत्राला आणि संकेतस्थळालाही तोच नियम लागू करावा, नाहीतर हे तिघेही सगळे मालकावर ढकलून मोकळे होतील.

छापील ओळ गेली म्हणून फोनवरचा नकार लगेच थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी शासनाने सुरुवात तिथून करावी, कारण छापलेल्या ओळीचा पुरावा हातात असतो आणि नियम झाला की कारवाई लगेच करता येईल. मसुद्यासाठी नमुन्याच्या जाहिराती हव्या असतील तर त्या मी विनामूल्य लिहून देईन.

कळावे,
आपली नम्र,
ठाण्यातील एक जाहिरात-लेखिका