देवाच्या नावाचा तुकडा

लंडन,
रविवार

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणार होते, पण तुला ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं, आणि या मजकुरात शिव्या आहेत. म्हणून पत्र.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंना पोहे नेऊन दिले. वर तू इंदूरहून पाठवलेला जीरावन मसाला भुरभुरला, तो जरा जास्तच पडला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडून निघालं, "ब्लाइमी!" इथली जुनी माणसं हे आपल्या 'अगं बाई'सारखं म्हणतात, त्यामुळे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. रात्री सहज शब्दकोश उघडला, तर ते मूळचं 'गॉड ब्लाइंड मी' निघालं. देव माझे डोळे फोडो! 19व्या शतकात बोलता बोलता झिजून त्याचं 'ब्लाइमी' झालं.

मला एकदम आपलं रामबागेतलं घर आठवलं. सराफ्यातून आणलेली जिलबी रात्रीतून निम्मी झाली होती. दादा गळ्याची कातडी चिमटीत धरून सांगत होता, "खोटं बोललो तर डोळे फुटतील!" आणि तू लाटणं हातात घेऊन ओरडलीस, "मेल्या, आधी सुटली म्हण!" तीच ही शपथ. फक्त इतकी झिजलेली, की सुटली म्हणायचंही कोणाच्या ध्यानात येत नाही.

गंमत बघ, इंग्रजीत शपथ घेणं आणि शिव्या देणं या दोन्हींना एकच क्रियापद आहे, 'स्वेअर'. यांची मोठी पापं देवाच्या नावानंच व्हायची. येशूच्या जखमांची शपथ, त्याच्या रक्ताची शपथ. पण बायबलच्या दहा आज्ञांत देवाचं नाव उगाच घ्यायला मनाई. मग नावच अर्धं चावायचं. 'गॉड'चं 'गॉश', 'क्राइस्ट'चं 'क्रायकी', 'गॉड्ज वून्ड्स'चं 'झाउंड्स'. 'स्ट्रूथ' म्हणजे तर 'गॉड्ज ट्रूथ', आपलं सरळ 'देवाशप्पथ खरं'. 1606 मध्ये कायदाच झाला, की रंगमंचावर थट्टेत देवाचं नाव घेतलं तर दर वेळी दहा पौंड दंड. 'ऑथेल्लो' नाटकाच्या 1622च्या छापील प्रतीत खलनायक इयागो तोंड उघडतो तेच 'स्ब्लड' म्हणून, म्हणजे देवाच्या रक्ताची शपथ घेऊन. पुढच्याच वर्षीच्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात ती शपथ गायब!

आपल्याकडे देवाची अशी लपवाछपवी नाही. दूध उतू गेलं तरी तू 'अरे देवा' म्हणतेस आणि देवाला त्याचं काही वाटत नाही. आपण चावतो ते आईचं नाव. 'च्यायला' म्हणजे 'तुझ्या आईला', पुढचं गिळलेलं. शाळेतून तो शब्द घेऊन आले तेव्हा तू विचारलंस, "कळतं का काय बोलतेस ते?" खरंच कळत नव्हतं गं. मग आठवडाभर मी नुसत्या इंदुरी 'ओ भिया'वर भागवलं. आजोबा मात्र रेडिओवर आपली विकेट पडली की तोच शब्द म्हणायचे, आणि तू तेवढ्यापुरती बहिरी व्हायचीस.

आज सकाळी त्या बाई चर्चला निघालेल्या जिन्यात भेटल्या. मला राहवलं नाही, 'ब्लाइमी'चा अर्थ सांगून टाकला. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गॉश!"

त्याचं मूळ मी सांगितलं नाही. चर्चला उशीर झाला असता.

जीरावन संपत आलंय, कोणी येणार असेल तर पाठव. आत्या पुण्याहून आली की तिला पत्र वाचायला दे. दादाला नको, कारण ती जिलबी मी खाल्ली होती.

तुझी,
छबू