सूर खाली आणण्याचाही सराव हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभाषेच्या उच्चारांविषयी आपल्या दैनिकात झालेल्या चर्चेत सारा भर सुट्या ध्वनींवर होता, म्हणून हे पत्र. मी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे राहते. निम्म्याहून अधिक लोकसंख्या हिस्पॅनिक असलेल्या या शहरात स्पॅनिशभाषक प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात मी मदत करते. येथेही ‘बी’ आणि ‘व्ही’ यांतील फरक घोटून घेण्यात तासच्या तास जातात आणि वाक्याचा सूर आपोआप येईल असे गृहीत धरले जाते. तो येत नाही.

‘फोन कोणी केला?’ याचे स्पॅनिश उत्तर ‘यामो हुआन’ (शब्दशः ‘फोन केला हुआनने’) असे येते, म्हणजे नवी माहिती शेवटी आणि सुराचा जोरही तिथेच. इंग्रजीत ‘हुआन कॉल्ड’ हा क्रम हलत नाही. जोर पहिल्या शब्दावर सरकतो आणि ‘कॉल्ड’ खाली उतरतो. शेवटचा शब्द असा सोडून देणे या मंडळींना जड जाते. (आपल्याकडे ‘सोमवारीच’मधला ‘च’ जोर देण्याचे काम करून टाकतो, त्यामुळे मराठी माणूसही याच ठिकाणी अडखळतो.)

यावर उपयोगी पडलेला सराव साधा आहे. शिक्षकाने मुद्दाम चुकीचे विचारावे: ‘मंडे मॉर्निंग?’ उत्तर यावे: ‘नो, मंडे इव्हनिंग.’ लगेच पुढचा प्रश्न: ‘ट्यूसडे इव्हनिंग?’ उत्तराचे शब्द तेच, पण आता जोर ‘मंडे’वर हवा. पहिले उत्तर बहुतेकांना जमते. दुसऱ्यात ‘मंडे’ उंच जातो खरा, पण ‘इव्हनिंग’ही तितकेच उंच राहते आणि दवाखान्याची वेळ ठरवताना वार बदलला की वेळ, हे पलीकडच्याला कळत नाही. अशा वेळी शब्द बाजूला ठेवून वाक्य नुसते गुणगुणायला लावावे. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्रात’ या मोफत सॉफ्टवेअरवर सुराची रेषा पडद्यावर दिसते, तीही दाखवावी. रेषा कुठे उतरली नाही हे डोळ्यांनी दिसले, की कानालाही ते लवकर उमगते.

मेक्सिकन हेल जावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. हेल राहूनही अर्थ नीट पोहोचतो. मात्र सरावपुस्तकांत जोराचा शब्द ठळक छापून काम संपले असे समजू नये. त्यानंतर खाली आणायचे शब्दही तितक्याच स्पष्टपणे दाखवावेत.

आपली,
एक वाचक, सॅन अँटोनियो