निळी व्हॅन उघडली

प्रिय मन्या,

आज दुपारी निळी व्हॅन उघडली. हो, तीच, आपल्या लहानपणीची खेळण्यातली. तू लगेच फोन उचलशील म्हणून आधीच सांगतो, उचलू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे नीट क्रमाने सांगायचं आहे.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिलं नाही, त्याबद्दल दोन शिव्या राखून ठेव, भेटल्यावर घाल. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, रिपोर्ट चांगले आले. झालं तब्येतीचं.

मोठ्या वहिनींनी तुझ्या दादाचा पत्र्याचा डबा माझ्याकडे पाठवला, हे तुला ठाऊक आहेच. त्यांनी आधी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "त्यालाच दे, त्याच्या गाडीच्या गावात लागेल काहीतरी." मन्या, लागेल काहीतरी म्हणजे काय! गेले तीन आठवडे मी त्या डब्यात बुडालोय. दादाने आयुष्यात काही फेकलंच नाही रे. बंद पडलेल्या घड्याळांची चक्रं, पेनांची टोपणं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, एका कानाची कर्णफुलं, शर्टाची बटणं, तुटक्या साखळ्या. लेआउट, म्हणजे टेबलावर छोट्या आगगाडीचं गाव, करणाऱ्या माणसाला याहून मोठी इस्टेट कोणी देऊ शकत नाही.

घड्याळाची चक्रं एका उघड्या वाघिणीत भरली. वरून काळपट रंगाचा पातळ हात मारला आणि कारखान्याला निघालेली यंत्रसामग्री तयार झाली. चार भोकांची बटणं रस्त्यातल्या गटारांवर झाकणं म्हणून बसली. पेनाचं लांबडं टोपण उलटं उभं केलं, त्याला तारेची शिडी चिकटवली, इंजिनाला पाणी पाजायची टाकी झाली. एक पितळी कर्णफूल स्टेशनासमोर दिव्याचा खांब होऊन उभं आहे, इतकं देखणं की खास लेआउटसाठी घडवलेला खांब त्याच्यापुढे फिका पडतो. बारीक साखळी तर सोनं निघाली. लाकडाचे ओंडके वाघिणीवर आवळून बांधले, खऱ्या साखळीचा जो झोल असतो तो आला. दोऱ्याला रंग देऊन तो झोल कधीच येत नाही, दोऱ्याला वजन नसतं ना.

आणि डब्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेल्या, गाड्या. अकरा. त्यातली दहावी निळी व्हॅन.

आता तुला मापाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जांभई देऊ नकोस. माझा लेआउट एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याचा. रूळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, पावणेसहा फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरचा. खरी मोटार चार मीटरची धरली तर माझ्या रस्त्यावर ती 46 मिलिमीटरची हवी. खेळण्यातल्या गाड्या मात्र कुठल्या एका मापाला बांधलेल्या नसतात. मॅचबॉक्स गाड्यांचंच घे. जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला इवलासा रोडरोलर करून दिला, आणि 1953 साली त्यातून तो सगळा धंदा उभा राहिला. माप ठरलं ते खोक्यावरून! मोटार असो की दोन मजली बस, दोघी साधारण तेवढ्याच खोक्यात बसणार. म्हणजे बस लहान होणार आणि मोटार मोठी. त्यामुळे जुनं खेळणं लेआउटवर ठेवायचं तर प्रत्येकाला पट्टी लावून बघावं लागतं. डब्यातला डंपर चपखल बसला. एक स्पोर्ट्स मोटार ठेवली तर स्टेशनमास्तर तिच्या खिडकीपर्यंतही पोचेना.

आमच्या मंडळात एक गृहस्थ आहेत, नाव सांगत नाही. त्यांनी त्या अकरा गाड्या पाहिल्या आणि म्हणाले, "ही खेळणी आहेत, मॉडेल नव्हेत. रेल्वेच्या लेआउटवर खेळण्यांना जागा नाही." माझं डोकं तापलं. अरे, डिंकी नावाच्या ज्या गाड्यांना आज लोक काचेच्या कपाटात ठेवतात, त्यांचा जन्मच मुळी रेल्वेच्या शेजारी झाला. फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने खेळण्यातल्या आगगाड्यांच्या जोडीला ठेवायला छोटी माणसं आणि छोटी वाहनं काढली, आणि 1934 साली त्यांचं नाव डिंकी झालं. मोटार आली तीच स्टेशनासमोर उभी राहायला. आणि जॉन अ‍ॅलन! ज्याच्या लेआउटचे फोटो बघून आम्ही सगळे शिकलो, डोंगर, दऱ्या, जुनाट रंगकाम, सगळं. त्याच्या यार्डात शंटिंग करायला चक्क एक डायनासोर होता. स्टेगोसॉरस. त्याला इंजिनासारखा नंबरही दिलेला. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं, त्यांनी चष्मा पुसला.

तर व्हॅन. लांबी 70 मिलिमीटर. सत्याऐंशीने गुण, सहा मीटरच्या वर जाते. व्हॅन म्हणून ती राक्षसी. पण मालट्रक म्हणून बघितली तर चालून जाईल असं वाटलं, फक्त दार आणि हँडल बोलतात. दाराच्या शेजारी माणूस उभा केला की भांडं फुटतं. म्हणून ठरवलं, उघडायची, खिडक्या आतून काळ्या करायच्या, जुना रंग उतरवायचा, वर करडा मॅट रंग द्यायचा, पावडर घासून धुळीने माखल्यासारखी करायची. मालधक्क्याच्या मागे ताडपत्रीखाली अर्धी झाकून उभी केली की कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तुझी व्हॅन होती. तुला विचारायला हवं होतं. हे पत्र लिहायचं पहिलं कारण ते.

या गाड्या खालून दोन रिव्हेटांवर धरलेल्या असतात. रिव्हेटचं डोकं ड्रिलने अलगद खरवडायचं, घाई केली की पातं घसरून बेसप्लेटवर, म्हणजे तळाच्या पत्र्यावर, ओरखडा उठतो. पहिलं डोकं अंगठीसारखं निघून पात्यावर चढलं. दुसऱ्यालाही तेच. चांदीसारखा चुरा बोटांना लागला. आधी दुसऱ्या एका गाडीचा अनुभव घेतला होता. तिच्या धातूला जस्ताचा रोग लागला होता, ओतताना शिसं मिसळलं की वर्षानुवर्षांनी आतून तडे जातात आणि त्यावर इलाज नसतो. ती हातातच बिस्किटासारखी फुटली. तिचे तुकडे मी इंजिन शेडमागच्या भंगारात टाकले, तिथे ते शोभतात. निळीचं तसं होईल म्हणून जीव मुठीत धरून पात्याचं टोक आत सरकवलं आणि बेसप्लेट उचलली.

मन्या, आत लाख होती.

दादा पार्सलं सील करायचा ती लाल लाख. मागचं अख्खं खोकं तिने भरलेलं, आणि लाखेत रुतलेले सायकलचे सहा छर्रे. अगदी नीट, तीन-तीनच्या दोन रांगांत. मी तशीच वजनकाट्यावर ठेवली, 54 ग्रॅम. तेवढ्याच मापाची डब्यातली दुसरी व्हॅन 41 भरली.

मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

फळीवरून सोडलेल्या गाड्यांत निळी व्हॅन एकदाही हरली नव्हती. उतार संपून फरशी लागली की माझी हिरवी दमायची आणि तुझी व्हॅन रेटा न सोडता पार उंबऱ्यापर्यंत जायची. मी तुला लबाड म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. तू गळ्याला हात लावून शपथ घेतलीस, "मी काहीही केलेलं नाही," आणि मी म्हणालो, खोट्याची शपथ पण खोटी. मग तू व्हॅन भिरकावून दिलीस आणि आपण दोन वर्षं बोललो नाही. तात्यांनी समेट घडवला तेव्हाही मी मनातून तुला लबाडच समजत होतो. आता लिहितो, कारण आता लिहिता येतं. किती वर्षं समजत होतो ते विचारू नकोस.

दुपारी लाख बघितली तेव्हा पहिल्या क्षणी मनात आलं, "बघ, मी म्हणत होतो!" तो एक क्षण. मग भिंग लावलं. लाख मऊ असताना कोणीतरी अंगठ्याने दाबून सारखी केली आहे. ठसा स्पष्ट आहे, मोठ्या माणसाचा आहे, आणि ठशाच्या मधोमध आडवी रेघ आहे. दादाचा पत्र्याने कापलेला अंगठा, मन्या. त्याच उन्हाळ्यात कापला होता. तुला पट्टी बांधायला धरलं होतं आणि तुलाच चक्कर आली होती.

तुझी शपथ खरी होती. माझा शब्द खोटा ठरला, मी तो परत घेतो आणि तुझी माफी मागतो.

पण मला छळतंय ते पुढचंच. दादाला माहीत होतं आपण का भांडलो. तो एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं. तू फेकलेली व्हॅन त्याने शोधून आणली, फडक्यात गुंडाळली आणि जन्मभर ठेवली, पण बोलला नाही. सुरुवातीला धाकट्या भावाला जिंकवायचं म्हणून गंमत केली असेल, ते मी समजू शकतो. तुला तेव्हा शाळेत कोणी खेळात घेत नव्हतं, हेही मला आठवतं. मग आपलं फाटल्यावर त्याला सांगायला तोंड राहिलं नसेल? की सांगितलं तर तुझं जिंकणं हिरावलं जाईल असं वाटलं? मी कधी त्याच्यावर चिडतो आणि कधी ते छर्रे बघतो, एवढे ओळीने लावलेले, आणि चिडणं जागच्या जागी विरतं. तू भाऊ आहेस, तुला जास्त कळेल. तुला त्याने कधी सांगितलं होतं का? शेवटच्या दिवसांत तरी? वहिनींना मी काही बोललेलो नाही. तू हो म्हणाल्याशिवाय बोलणार नाही.

व्हॅनचं मी ठरवलं ते सांगतो. रंगाला हात लावणार नाही. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून तो घासूही नये, पण कारण ते नव्हे. मागच्या कोपऱ्यातला टवका तू फेकलीस तेव्हाचा आहे. लाख आणि छर्रे आत तसेच राहतील. रिव्हेटांच्या जागी दोन बारीक स्क्रू लावलेत, कधीही उघडता येईल.

आणि मालधक्क्यामागे ताडपत्रीखाली नाही ठेवणार. लेआउटच्या अगदी पुढच्या कडेला ठेवणार. जवळची वस्तू मोठी दिसते हा नियम आपल्या बाजूचा आहे. पुढे मोठी व्हॅन, मध्ये एचओची वस्ती, आणि मागे डोंगराच्या वळणावर एन स्केलच्या, 1:160 च्या, नखाएवढ्या मोटारी. बघणाऱ्याचा डोळा व्हॅनवरून निघतो आणि थेट बोगद्यापर्यंत जातो, दोन हातांचं टेबल मैलभर लांब वाटतं. व्हॅनच्या दाराजवळ माणूस उभा केला नाही की झालं. जो लपवायला निघालो होतो तो मोठेपणाच कामाला आला.

तुझं घराचं काम कुठवर आलं? प्लंबरच्या मागे लाग, तुझा स्वभाव भिडस्त. धाकटीचा निकाल कळव, ती पास होणारच आहे, तरी कळव. नोकरी सोडण्याबद्दल लिहिलं होतंस, त्यावर सविस्तर बोलायचं आहे, पत्रात नको. अक्षर मात्र जरा मोठं काढ, मागच्या पत्रातलं एक पान मी अजून लावतोय.

एक मागणं आहे. हिरवी तुझ्याकडे आहे, मला माहीत आहे. समेटाच्या दिवशी मी ती तुला दिली आणि तू घेतलीस, आणि मग ती माझीच की तुझी यावर परत भांडलो. येताना ती घेऊन ये. पुढच्या कडेला फाटकाकडे उतरणारा रस्ता केला आहे, प्लास्टरचा, वरून बारीक वाळू. आत्ता सगळे झोपल्यावर निळी त्या उतारावर वरून सोडली. फाटक ओलांडून, रूळांवरून खडखडत, पलीकडच्या खडीत जाऊन थांबली. शेजारची जागा रिकामी ठेवली आहे.

तुझा,
बाळ्या