बरणी परत पाठवतेय

गावभाग, सांगली
मंगळवार, रात्री

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तुझी कॉफीची बरणी या पार्सलातून परत पाठवतेय. लोणच्याच्या फळीवर, मोठ्या बरणीमागं मीच ठेवली होती. निघताना तू अख्खं स्वयंपाकघर उलथंपालथं केलंस आणि मी पदराला हात पुसत गप्प उभी राहिले, ही चूक माझी. पण "मी आता लहान नाही" हे तीनदा म्हणायची गरज नव्हती. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

चटणीचा डबा ओट्यावर विसरला नव्हतास, ठेवून गेलास, तेही कळलं. तो वेगळ्या पार्सलनं येईल. एकत्र बांधलं तर कॉफीला चटणीचा वास लागतो. मागच्या दिवाळीला तू आणलेल्या बिया मी हौसेनं मसाल्याच्या मिक्सरमधून फिरवल्या होत्या, आठवतंय? पहिल्याच घोटाला तुला ठसका लागला आणि ताई हसून हसून खुर्चीवरून खाली. मिक्सर दोनदा धुतला होता रे मी. मिरची काही सोडत नाही.

आता मुद्द्याचं. काल ताई बोलता बोलता बोलून गेली. रात्री दोन वाजता छातीत धडधडायला लागलं म्हणून तू रिक्षा करून दवाखान्यात गेलास. तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून विचारलं. त्या धडधडीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, तुला आवडत नाही. फक्त कॉफीबद्दल लिहिते. सोड म्हटलं तर तू सोडणार नाहीस, आणि जे भाजतात नि दळतात त्यातलं मला तुझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. बावीस वर्षं मिरची-मसाला कांडायचा डंक चालवतेय.

तुझ्या बरणीवर बारीक अक्षरात शंभर टक्के रोबस्टा लिहिलंय. आपल्याकडं बायका मिरची घेऊन येतात तेव्हा मी आधी विचारते, ब्याडगी की लवंगी? ब्याडगीला रंग, लवंगीला जाळ. किलोला किलो सारखी, पण घालताना हात वेगळा लागतो. कॉफीतही तसंच आहे. अरेबिका ही ब्याडगी, वासाला गोड, आणि तिच्यात कॅफीन शेकडा 1.2 च्या आसपास. रोबस्टात 2.2, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तू ब्याडगीच्या हातानं लवंगी घालतोयस.

तुझा तो लाकडी चमचा मी मसाल्याच्या काट्यावर ठेवला. शीग लावून 10 ग्रॅम. तू मगात दोन घालतोस, म्हणजे 20 ग्रॅम, म्हणजे त्या पुडीत 440 मिलीग्रॅम कॅफीन. सगळं पाण्यात उतरत नाही, पण बरंचसं उतरतं. युरोपातले अन्नाचे तपासनीस धडधाकट माणसाला दिवसभरात मिळून 400 पर्यंत चालेल म्हणतात. धडधाकट माणसाला. आणि तुझे मग किती? मी असताना तीन मोजले, मी झोपल्यावरचे तुला ठाऊक.

तर पुढची पुडी अरेबिकाची आण, नाहीतर चिकोरीवाली. चिकोरीला नाक मुरडू नकोस. ती मुळी असते, भाजून दळलेली, तिच्यात कॅफीन नसतंच, आणि दुधातल्या कॉफीला अंग येतं. कॉफी किती नि चिकोरी किती ते पुडीवर छापलेलं असतं, 70-30, 80-20 असं. तुम्ही बेंगळुरात राहून याला भेसळ म्हणता, आणि तिथलीच जुनी माणसं चिकोरीशिवाय कॉफी पीत नाहीत. तासगावला माझ्या आईकडं पोलसनचा डबा असायचा. पोलसन म्हटलं की लोकांना लोणी आठवतं, आमच्याकडं ती कॉफी होती, चिकोरीचीच. पाहुणा आला तरच डबा उघडायचा. पातेलंभर दूध, दोन चमचे पूड, आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. मला जायफळ उगाळायचं काम. आजोबा कप बशीत ओतून पीत आणि लगेच पडवीत घोरायला लागत. तू हसशील, म्हणशील आई, ती कॉफी नव्हतीच, दूध होतं. नसेल. पण झोप लागत होती त्यांना.

झोपेबद्दल पण लिहिणार नव्हते.

बरं, दळणाचं ऐक. तुझ्याकडं पितळी फिल्टर आहे आणि ते काचेचं दांडीचं भांडं आहे, फ्रेंच प्रेस म्हणता ते, आणि दोन्हीत तू एकच पूड घालतोस. फिल्टरला बारीक रव्यासारखी हवी. पीठ झालं की भोकं बुजतात, पाणी वर तुंबून बसतं आणि काढा कडू होतो. दांडीच्या भांड्याला लापशीसारखी जाड. आणि फिल्टरमध्ये पूड टाकून वरची चकती दाबतोस ती जीव खाऊन दाबू नकोस, नुसती टेकव. पाणी खळाखळा उकळतं ओतायचं नाही, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. तू पाचव्या मिनिटाला झाकण उघडून बघतोस, लहानपणी कुकरशी करायचास तसं. खाली उतरलेला काढा परत उकळू नकोस, दूध गरम करून त्यात घाल.

पूड एकदम अर्धा किलो कशाला? भाजलेला जिन्नस दळला की वास उडायला लागतो. धण्याचं तेच, जिऱ्याचं तेच. बिया घे, जमलं तर भाजल्याची तारीख बघून घे, आणि पंधरा दिवसांच्या वर साठवू नकोस. फ्रिजमध्ये तर अजिबात नको. ओल धरते, आणि तुझ्या फ्रिजमध्ये काय काय असतं ते मी बघून आलेय. ही बरणी पण काचेची आहे, उजेडात ठेवू नकोस. लोणच्याच्या फळीवर अंधारच होता, तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली.

दांडीच्या भांड्याचं अजून एक. त्यात कॉफीचा तेलकट अंश तसाच कपात उतरतो, आणि त्यानं कोलेस्टेरॉल वाढतं. कागदाच्या गाळणीत तो अडकतो. आपल्या घरात कोलेस्टेरॉलचं काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको. तुझे अण्णा पण म्हणाले होते, पित्त आहे, सोडा घेतला की जाईल. कारखान्याचा सीझन होता, रात्रपाळी होती, चहावर चहा. मीच करून देत होते थर्मास भरून. मिरजेच्या दवाखान्यात त्या बाकावर बसले होते तेव्हा थर्मास माझ्या पिशवीतच होता, अर्धा भरलेला.

हे खोडणार होते, राहू दे.

तुला मी धाक घालत नाहीये. धडधड वेगळी आणि ते वेगळं, हे मलाही कळतं. परवा आपल्या डॉक्टरांकडं बीपीच्या गोळ्यांना गेले होते, तेव्हा तुझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, या वयात कॉफी, जागरण, काळजी यानं होतं बऱ्याचदा, पण एकदा ईसीजी आणि थायरॉईड बघून घ्यावं. मग म्हणाले, ओंकार का? सगळ्या गावाला कळतं माझ्या तोंडावरून.

कॉफी प्यायल्यावर पाच-सहा तासांनी सुद्धा निम्मं कॅफीन अंगात असतं म्हणे. रात्री नऊचा मग तुझ्याबरोबर तीन वाजेपर्यंत जागा. तुमची ती अमेरिकेची मीटिंग असते, मान्य. पण तेव्हा पेला अर्धा कर, पूड एक चमचा कर, आणि मीटिंग नसेल त्या दिवशी दुपारी दोननंतर शिवू नकोस. एकदम बंद करू नकोस हं, डोकं ठणकतं. रोज थोडी थोडी कमी कर. उपाशीपोटी नको, आणि जेवणावर लगेच नको, डाळ-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. बघ, झालं माझं भाषण सुरू. ताई म्हणते, तू पत्र लिहित नाहीस, कानउघाडणी करतेस. तसं वाटलं तर दोन पानं सोडून वाच.

एक सांगू? 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं तेव्हा आपण गच्चीवर होतो, आठवतं? खाली डंक पाण्यात, पोती पाण्यात, मी नुसती कठड्याला धरून बसलेली. तू बारावीत. कुणीतरी वर आणलेला गॅस होता, दुधाची पावडर होती, आणि तुझ्या दप्तरात कॉफीच्या रुपयावाल्या पुड्या. तू नऊ माणसांना पाच पेल्यांत कॉफी केलीस. शेजारच्या आजींना आधी दिलीस, मला शेवटी, आणि स्वतःला उरली नाही तर पातेलं विसळून प्यायलास. तेव्हापासून तू केलेल्या कॉफीला मी कधी नावं ठेवली नाहीत, बरणी लपवली तेव्हाही नाही. डंक परत सुरू झाला तो तुझ्या पहिल्या पगारानं, हे मी डंकावर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. तुझ्यासमोर सांगत नाही एवढंच.

चटणी या खेपेला ब्याडगी जास्त घालून केलीय. फिल्टर घासायला चिंच वापर, साबणाचा वास राहतो.

तुझी,
आई

ता. क. ईसीजीचा कागद निघाला की फोटो काढून ताईला पाठव. मला नको. मला यातलं काही कळत नाही. बरं, मलाही पाठव.