सकाय आणि सकाळ

दारव्हा

चि. बाई हिला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रेडिओवरच्या अमीन सयानींसारखं ‘बहनो और भाइयो’ म्हणून दाखवलंस आणि तुझी आई तोंडाला पदर लावून हसत बसली. मी काहीच बोललो नाही, ते तुला खटकलं असणार. नक्कल हुबेहूब होती. पण पुढच्या महिन्यात तुझी रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदक म्हणून आवाजाची चाचणी आहे, आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाला अमीन सयानी नको असतात. ते होऊन गेले. हे फोनवर सांगितलं असतं तर आपलं भांडणच झालं असतं, म्हणून लिहायला बसलो.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ वर्षांचा होतो, म्हणजे १९७० साल. तुझे आबाजी ग्रामपंचायतीत शिपाई होते हे तुला ठाऊक आहे, पण पंचायतीच्या रेडिओची चावी त्यांच्या करदोड्याला असायची हे कोणी सांगितलं नसेल. रेडिओ लाकडी पेटीत, कुलपात. चालायचा बॅटरीवर, कारण गावात वीज आली होती ती सरपंचांच्या वाड्यापर्यंत. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, कवेलूंवरून थेट निंबाच्या झाडाला बांधलेली. संध्याकाळी नागपूर केंद्र लागायचं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या. बुधवारी मात्र सरपंच जेवायला उठले, की आबाजी काटा शॉर्टवेव्हवर न्यायचे.

ते काटा लावणं बघण्यासारखं होतं. बिडी विझवून, श्वास रोखून, केसभर इकडे, केसभर तिकडे. खरखर, शिट्टी, मधेच कुठलीतरी परकी भाषा, आणि मग एकदम तो आवाज. लाटेसारखा जवळ यायचा, दूर जायचा. दूर गेला की ओट्यावरचे सगळे सालदार पुढे झुकायचे, झुकल्यानं ऐकू येणार असल्यासारखे. शेजारची काकू भिंतीआड उभी राहून ऐकायची. तिचं सगळं कौतुक एकाच गोष्टीचं: “थो पह्यले बायांले हाका मारते, माणसांले मंग.” गाण्यांचं तिला फारसं नव्हतं.

आम्हाला वाटायचं, हा माणूस कोलंबोत बसून बोलतो. खूप उशिरा कळलं, की कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानानं सिलोनला जायच्या. उलटा प्रवास बघ, मुंबईचा आवाज समुद्र ओलांडून लंकेला जायचा आणि तिथून आमच्या निंबावर उतरायचा. कारण १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐकून लोकांची अभिरुची सुधारेल, असं त्यांना वाटत होतं. लोकांनी काटा फिरवला. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेला जबर ताकदीचा ट्रान्समीटर होता. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथून ‘बिनाका गीतमाला’ हा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या कार्यक्रमाला थोडीफार पत्रं आली तर खूप, असा हिशेब होता. आली नऊ हजार. पत्रं तपासायची आणि माईकवरही बोलायचं, असं ते काम आठवड्याला २५ रुपयांत जुन्याजाणत्यांपैकी कोणी घेईना, म्हणून ते विशीला टेकलेल्या अमीनच्या गळ्यात पडलं. आकाशवाणीला जाग आली १९५७ साली, विविध भारती काढून.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्याच अमीन सयानींना त्याआधी आकाशवाणीनं हिंदी निवेदक म्हणून नापास केलं होतं. उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी फार येते, म्हणून. मग ते सिलोनच्या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाला नुसते बसायला जाऊ लागले. एक दिवस ओव्हल्टीनची जाहिरात वाचणारा आला नाही, म्हणून ह्यांना उभं केलं. हे इतक्या मोठ्यानं वाचू लागले की निर्मात्यानं कानांवर हात ठेवले. तरी काम मिळालं. मोबदला काय, तर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक छोटा डबा.

त्यांची भाषा घडली ती घरी. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. पोरगा लहानपणापासून त्यात हाताखाली. नुकताच अक्षरं लावायला शिकलेल्या माणसाला कळेल असं वाक्य करायचं, हे शिक्षण कुठल्या स्टुडिओत मिळतं? तू त्यांचा गळा उचललास बाई, हे उचललं नाहीस.

माझं ऐक. १९८४ मध्ये मीही अशीच चाचणी दिली होती. कुठल्या केंद्रावर ते जाऊ दे. महिनाभर तुझ्या आत्याला समोर बसवून ‘ळ’ घोटला होता. आपल्याकडे सकाळची सकाय होते, काळ्याचा काया होतो, पाण्याचं पानी होतं. लाल दिवा लागला आणि कागद हातात थरथरू लागला. त्याची सळसळ माझ्याच कानात वादळासारखी. ‘सकाळ’ दोनदा नीट म्हटलं. तिसऱ्या ओळीत नुसता ‘सकाळी’ शब्द होता, आणि तोंडातून आलं ‘सकायी’. काचेमागचा माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. मीच उरलेलं सगळं घाईघाईनं वाचून टाकलं, चुकून चूल पेटवली आणि आता भाकरी उरकायची, तसं. नापास झालो ते त्या घाईमुळे. ‘ळ’ला मी पुढे वीस वर्षं उगीच शिव्या दिल्या.

मग एसटीत लागलो आणि गंमत अशी, की जन्मभर माईकच हातात राहिला. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत सुरुवातीला मी अगदी दिल्लीहून बातम्या देत असल्यासारखा बोलायचो. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. यवतमाळहून दारव्हामार्गे दिग्रसला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर…’ खर्जात, थांबे घेत. एक म्हातारी गाठोडं घेऊन खिडकीशी आली. म्हणाली, “बावा, तू बोल्ला थे काई समजलं नाई. दिग्रसची गाडी लागली का नाई, येवढंच सांग.” तेवढ्यात गाडी सुटली होती. तिला दुसरीत बसवून दिलं. त्या दिवसापासून नियमाची घोषणा झाली की मागून आपल्या बोलीत एक ओळ जोडायचो: ‘दिग्रसवाले, चला, दोन नंबरले लागली.’ साहेबांनी एकदा टोकलं, मग सोडून दिलं. लोक उठायचे ते त्या दुसऱ्या ओळीवर.

तुझा ‘ळ’ साफ आहे, तुझ्या शाळेतल्या बाईंची पुण्याई. प्रमाण बोलीत वाचायचं तिथं नीट वाच, पण आपला हेल थोडा डोकावला तर घाबरून पळू नको. कागदावर शिसपेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणव. पान उलटू नको, अलगद बाजूला सरकव. माईक तोंडापासून वीतभर, आणि ‘प’, ‘फ’ आला की मान किंचित तिरपी. गावांची नावं आधी मोठ्यानं म्हणून बघ. बाहेरची माणसं दारव्ह्याचं काय काय करतात ते तू ऐकलंच आहेस. चुकलीस तर ‘क्षमस्व’ एकदाच, आणि पुढे. आणि वाचताना शेजारच्या काकूला समोर धर. आता ती नाही, पण भिंतीआड उभी असायची तशी.

२०२४ च्या फेब्रुवारीत सयानी गेले, ९१ वर्षांचे होऊन. त्या दिवशी तू मला बातमी पाठवली होतीस, खाली नुसता हात जोडल्याचं चित्र. मी उत्तर दिलं नव्हतं. पंचायतीत जाऊन बघून आलो होतो, ती लाकडी पेटी अजून आहे. आत मतदार याद्या ठेवल्या आहेत.

तूर डाळ भरडून आणली आहे, पाच किलो तुझ्यासाठी काढून ठेवली. आई विचारते, चाचणीच्या दिवशी तिकडे जेवण मिळते का. नसेल तर आदल्या संध्याकाळी इकडेच ये, सकाळी डबा घेऊन निघ. पहिली गाडी पावणेसहाला आहे, मी स्टँडवर सोडायला येतो.

तुझे
बाबा