घर आयलीन ग्रे यांचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी फर्निचर आणि घरे घडवणाऱ्या आयलीन ग्रे यांच्या निधनाला ५० वर्षे होतील. त्या निमित्ताने पुरवणीत काही छापणार असाल, तर एक कळकळीची विनंती: लेखाची सुरुवात प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्यापासून करू नका.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर १९२६ ते १९२९ या काळात ग्रे यांनी ‘ई-१०२७’ हे घर उभारले. स्थापत्याचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. वास्तुरचनाकार झाँ बादोव्हिची सोबतीला होते. पुढे १९३८-३९ मध्ये कॉर्बुझिए यांनी ग्रे यांना न विचारता त्या भिंतींवर चित्रे रंगवली. ग्रे यांच्या दृष्टीने ती घराची नासधूसच होती. आणि कितीतरी वर्षे हे घर बादोव्हिचींचे, कधी तर चक्क कॉर्बुझिए यांचे म्हणून ओळखले गेले. हे वाचताना मला आजही संताप येतो.

स्वयंशिक्षित म्हणजे हौशी, असा आपल्याकडे सहज समज होतो. ग्रे यांचे शिकणे पाहा. आयर्लंडमध्ये जन्म, लंडनला चित्रकला, मग पॅरिसमध्ये जपानी कारागीर सेइझो सुगावारा यांच्याकडे लॅकरचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या चकचकीत रोगणाचे काम. एक थर द्यायचा, दमट हवेत वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. असे वीसहून अधिक थर. त्या लॅकरने हातांवर पुरळ उठे, तरी त्यांनी काम सोडले नाही. घडीचे लाकडी पडदे, गालिचे, खुर्च्या करत त्या घरापर्यंत पोहोचल्या. १९२२ मध्ये स्वतःचे दुकान काढले, तेही ‘झाँ देझेर’ या काल्पनिक पुरुषाच्या नावाने! बाईच्या नावाची पाटी तेव्हा किती अवघड असेल, याची कल्पना येते.

त्यांची ‘ड्रॅगन’ खुर्ची २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना गेली. मथळा त्या आकड्याचा नको. मी स्वतः पदवीशिवाय फर्निचरची कामे करते, आणि मला त्यांचे काचेचे गोल टेबल अधिक मोलाचे वाटते. बहिणीला पलंगावर बसून न्याहारी करता यावी म्हणून ते केले, असे सांगतात. त्याचा पाया पलंगाखाली सरकतो आणि उंची कमीजास्त करता येते. जमल्यास त्याचे छायाचित्र मोठे छापा, उंची पक्की करणारी, साखळीला अडकवलेली खिट्टी दिसेल असे.

आपली,
एक नियमित वाचक