माणसं काहून टिकत नाही?

संपादक साहेब,
कापसाचा सीझन लागला की आमच्या यवतमाळकडे जिनिंगवाले (कापसातली सरकी काढणारे कारखानेवाले) ओरडत राहतात की माणसं टिकत नाही, पण काहून टिकत नाही हे कोणी विचारूनच नाही राहिलं. दिवसभर रेच्याच्या मशीनपाशी उभं राहायचं, रुईची धूळ नाकातोंडात, मास्क मागितला तर सुपरवायझर म्हणते दुपट्टा बांध. ओव्हरटाइमचा दर कायद्यात दुप्पट आहे, इथं भेटते चहा अन् समोसा! दिवाळीला मिठाईचा डबा देऊन फोटो काढतात (डबा पावशेराचा, फोटो मोठा), त्यानं कामाचा हुरूप येते का? पगार ७ तारखेच्या आत द्या, तोही कायदाच आहे, अन् एवढ्या बाया कामाला असतात तर संडासाला कडी तरी लावा.
— एक जिनिंग कामगार, जि. यवतमाळ